धुमाकूळ, थैमान, उच्छाद की धिंगाणा : बेभान वागण्याचे शब्द नेमके कसे वापरावेत

गावातल्या बातम्या, मंडळांची निवेदनं, सोसायटीच्या ग्रुपवरचे मेसेज वाचले की एक सवय लगेच दिसते. काहीही अनावर झालं की त्याला 'धुमाकूळ' म्हणून मोकळं व्हायचं. बिबट्याचा धुमाकूळ, चोरट्यांचा धुमाकूळ, डासांचा धुमाकूळ, पावसाचाही धुमाकूळ. मराठीत या कामाचे पंचवीस-तीस शब्द सहज सापडतील आणि त्यातल्या प्रत्येकाचा धनी वेगळा आहे. चुकीचा शब्द पडला की वाचणाऱ्याला चित्र तर चुकीचं दिसतंच, शिवाय दोष भलत्याच माणसाच्या माथी जातो.

शब्द निवडण्याआधी तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. करणारा कोण आहे: माणूस, जनावर, की रोग-पावसासारखी ताकद? त्याचं भान गेलंय, लगाम सुटलाय, की सगळं पूर्ण शुद्धीत चाललंय? आणि नुकसान किती झालं, किती काळ चाललं? यातला मधला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. भान जाणं म्हणजे आपण काय करतोय याची जाणीवच न उरणं. लगाम सुटणं म्हणजे जाणीव आहे, पण आवरणारं कुणी नाही. लेझीम खेळणाऱ्याचं भान जातं, लाडावलेल्या पोराचा लगाम सुटतो, आणि पैसे घेऊन दुकान फोडायला आलेला माणूस शुद्धीत असतो. या तिघांना एक शब्द लावता येत नाही.

आधी क्रियापद बघा

या शब्दांच्या मागं कुठलं क्रियापद येतं ते ठरलेलं आहे, आणि बहुतेक चुका तिथंच होतात.

'घालणे' हे करणाऱ्याकडं बोट दाखवतं. धुमाकूळ घातला, धिंगाणा घातला, धुडगूस घातला, हैदोस घातला, थैमान घातलं. 'मांडणे' आलं की काम एकदाच होऊन थांबलेलं नाही, पसारा पसरला आहे आणि चालू आहे असा अर्थ येतो. म्हणून उच्छाद 'मांडतात'. 'उच्छाद घातला' असं हल्ली ऐकू येतं, पण रुळलेलं रूप 'मांडला' हेच. थैमान आणि हैदोस दोन्हीकडं चालतात. आकांडतांडव आणि थयथयाट मात्र 'करतात'. 'आकांडतांडव मांडलं' हे कानाला खटकतं, कारण त्यात पसरण्यासारखं काही नसतं, एका माणसाचा तो प्रकार असतो.

'उडणे' आणि 'माजणे' यांत करणारा गायब होतो. गोंधळ उडाला, तारांबळ उडाली, झुंबड उडाली, हाहाकार उडाला, हलकल्लोळ माजला. हे आपोआप घडल्यासारखं सांगणं आहे. त्यामुळं 'सभेत गोंधळ उडाला' आणि 'सभेत गोंधळ घातला' या दोन वाक्यांत मोठा फरक आहे. पहिल्यात माईक बंद पडला असेल, दिवे गेले असतील. दुसऱ्यात कुणीतरी ठरवून सभा उधळली. कुणी केलं हे माहीत असताना 'उडाला' लिहिणं म्हणजे त्याला सोडून देणं, आणि माहीत नसताना 'घातला' लिहिणं म्हणजे जमलेल्या सगळ्यांवर आळ घेणं.

'सुटणे' हे या सगळ्यांत जास्त कामाचं आणि सगळ्यांत कमी वापरलं जाणारं. कुठल्याही क्रियापदाला 'त' लावून पुढं 'सुटणे' जोडलं की लगाम तुटल्याचा अर्थ येतो: मारत सुटला, बोलत सुटला, खर्च करत सुटला, दिसेल त्याला शिव्या देत सुटला. वेगळं विशेषण शोधायची गरजच उरत नाही. 'तो बेफामपणे सगळ्यांना मारू लागला' यापेक्षा 'जो भेटेल त्याला मारत सुटला' हे वाक्य छोटं आहे आणि जास्त दाखवतं.

लिंगाचीही गफलत होते. धुमाकूळ, धिंगाणा, धुडगूस, हैदोस, उच्छाद, थयथयाट हे पुल्लिंगी. थैमान, तांडव, आकांडतांडव नपुंसकलिंगी, म्हणून 'थैमान घातला' चुकीचं, 'थैमान घातलं' बरोबर. हुल्लडबाजी, दंगामस्ती स्त्रीलिंगी. यातल्या कुठल्याही शब्दाची मोजणी होत नाही. 'तीन धुमाकूळ' नाही, 'तीनदा धुमाकूळ घातला'.

घरातलं आणि गल्लीतलं

पोरांच्या बाबतीत सगळ्यात हलका शब्द दंगा किंवा दंगामस्ती. यात खेळ आहे, आवाज आहे, फार तर एखादी उशी फाटते. त्याच्या वर धिंगाणा: आवाज वाढला, मोठ्यांचं ऐकणं बंद झालं. धुडगूस म्हटलं की वस्तू हलल्या, सांडलं, तुटलं. 'काय धिंगाणा लावलाय रे' असं आई म्हणते तेव्हा तिच्या आवाजात अजून थोडी माया असते. 'धुडगूस घातलाय नुसता' म्हणते तेव्हा पोरांनी गप बसावं हे बरं.

उच्छाद वेगळा. संस्कृत 'उत्साद' म्हणजे नाश, त्यातून तो आला. त्याला दिवस लागतात. एका दुपारी उच्छाद होत नाही. माकडं महिनाभर कौलं काढतायत, रानडुकरं रोज रात्री मक्यात शिरतायत, गल्लीतली टोळकी रोज संध्याकाळी येणाऱ्या-जाणाऱ्याला छळतायत, हा उच्छाद. ज्याला उच्छाद म्हणायचं त्याला आधी लोक कंटाळलेले असायला हवेत.

हैदोस हा त्याहून कडक. मोहरमातल्या 'हैदोस दुल्हा' या आरोळीशी जुने कोश त्याचं नातं जोडतात. पंजे, सवारी आणि त्यामागं धावणारी गर्दी सोलापूरच्या गल्ल्यांना नवी नाही, आणि त्यात सगळ्या जातीधर्माचे लोक असतात. त्या आरोळीत मुळात भक्तीच होती. आजच्या मराठीत मात्र हैदोस म्हणजे माणसांनी मुद्दाम केलेला, दुसऱ्याला भीती वाटावी असा उपद्रव. गुंडांचा हैदोस, दारुड्यांचा हैदोस. हा शब्द कौतुकानं कधीच येत नाही, म्हणून मिरवणुकीत नाचणाऱ्या पोरांना तो लावू नये. त्यांनी कुणाला त्रास दिला असेल तर हुल्लडबाजी म्हणावं, नसेल दिला तर धमाल.

कौतुकाकडं झुकणारे शब्द दोनच. 'लग्नात जाम धिंगाणा घातला' यात आनंद आहे. 'पहिल्याच षटकापासून धुमाकूळ घातला' यात फलंदाजाची वाहवा आहे. थैमान आणि उच्छाद यांना अशी दुसरी बाजू नाही. 'गायिकेनं थैमान घातलं' असं कुणी लिहिलं तर वाचणाऱ्याला आधी काहीतरी अभद्रच डोळ्यापुढं येईल.

थैमान हा माणसाच्या आवाक्याबाहेरच्या ताकदीचा शब्द आहे. प्लेग, पटकी, महापूर, वादळ, मृत्यू. ऑक्टोबर २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यात पावसानं शेतं, रस्ते, घरं पाण्याखाली घातली, त्याला थैमान म्हणणं रास्त होतं. डासांना थैमान म्हणू नये, त्यांना उच्छाद पुरतो. डासांमुळं पसरलेल्या डेंग्यूला म्हणता येईल. उन्हाला 'कहर' लागतो, आगीला 'तांडव'. दुष्काळाला यातलं काहीच लागत नाही, कारण तो गप येतो आणि गप राहतो. दुष्काळ 'पडतो', त्याची झळ 'बसते'.

जनावरांकडून आलेले शब्द

भाषेतले सगळ्यात नेमके शब्द गोठ्यातून आणि बाजारातून आले आहेत. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर हा खिल्लारांचा मुलूख. पांढरं अंग, मागं वळत गेलेली लांब शिंगं, चपळ पाय, आणि स्वभावानं तापट. कार्तिकीला पंढरपूरला भरणाऱ्या बाजारात जनावरं घेणारा-विकणारा माणूस एका बैलाच्या वागण्यासाठी जे शब्द वापरतो, ते उलटसुलट झाले तर व्यवहारच फसतो.

बुजणे ही पहिली पायरी. वाऱ्यानं उडालेली पिशवी, छत्री, फटाका, काहीतरी अनोळखी दिसलं की बैल जागीच थबकतो. कान त्या दिशेला उभे होतात, नाकपुड्या फुलतात, पुढचे पाय रोवले जातात, मान मागं ओढली जाते. यात राग नाही, भीती आहे. पाखरांना भीती घालायला शेतात उभं करतात ते बुजगावणं, याच शब्दातलं. 'मालक, बैल बुजायलाय, जरा लांब व्हा' असं कुणी म्हणालं तर लांबच व्हावं. पुढून हात उगारू नये, ओरडू नये. माणसांच्या बाबतीत बुजणं म्हणजे बिचकणं, नव्या ठिकाणी मागं सरणं. नवीन सुनेला, शाळेत नव्या आलेल्या पोराला हा शब्द लागतो. त्यात वाईट काही नाही.

बिथरणे ही दुसरी. आता शिकवलेलं सगळं सुटलं. ओळखीची हाक ऐकू येत नाही, कासरा ओढला तर उलटा जोर लावतो. बिथरलेलं जनावर पळेलच असं नाही, पण काय करेल ते सांगता येत नाही. राजकारणाच्या बातम्यांत हा शब्द फार चांगला बसतो: सोबतचा माणूस अचानक सोबत राहिनासा झाला, त्याचं वागणं ओळखीचं उरलं नाही, तर तो बिथरला. नुसता चिडला असेल तर बिथरला म्हणू नये.

उधळणे म्हणजे सुटणं आणि पळणं. शेपटी वर, चारी पाय जमिनीवरून एकदम उचललेले, म्हणून 'चौखूर उधळला'. या शब्दाचं व्याकरण नीट सांभाळावं लागतं. बैल उधळतो तेव्हा क्रियापद अकर्मक: 'बैल उधळला', 'गाय उधळली'. गुलाल, पैसे, सभा उधळतात तेव्हा ते सकर्मक: 'त्यानं पैसे उधळले', 'त्यांनी सभा उधळली'. 'बैलानं उधळलं' असं झालं की वाचणारा विचारतो, काय उधळलं?

चेकाळणे आणि चवताळणे यांची सरमिसळ रोज होते. चेकाळायला कुणीतरी चेतवावं लागतं, डोक्यावर घ्यावं लागतं. शिट्ट्या ऐकून पोरं चेकाळतात, खायला घालून घालून माकडं चेकाळतात. चवताळायला आधी डिवचावं, जखमी करावं लागतं. चवताळलेला वाघ अंगावर येतो. म्हणजे चेकाळण्यात लाड आहेत आणि चवताळण्यात वार. 'मारहाण झाल्यावर जमाव चेकाळला' हे चूक, तिथं 'चवताळला' किंवा 'खवळला' हवं. खवळणे हे समुद्राचं, पित्ताचं आणि गर्दीचं: आतून उसळून वर येणारं.

माज हा शब्द गोठ्यात निर्दोष आहे. गाय किंवा म्हैस माजावर येते, साधारण २१ दिवसांनी पुन्हा येते, आणि ती वेळ चुकली की रेतनाचा तो फेरा गेला. पशुवैद्याला 'गाय माजावर आलीय' असं सांगण्यात कसलाही राग नाही. तोच शब्द माणसाला लावला की शिवी होते. 'माजलाय' म्हणजे पोट भरलं, वर कुणी विचारणारा नाही, म्हणून दुसऱ्याला तुच्छ लेखतो. हा लगाम सुटल्याचा शब्द आहे, भान गेल्याचा नाही. माजलेल्या माणसाला आपण काय करतोय हे पक्कं ठाऊक असतं. त्याच्या उलट हुंदडणे, हे वासरांचं आणि पोरांचं. त्याला राग कुठूनच शिवत नाही.

पिसाळणे जपून वापरावं. ते एका आजाराचं नाव आहे. पिसाळलेला कुत्रा म्हणजे रेबीज झालेला कुत्रा, चिडलेला नव्हे. गल्लीतला कुत्रा पिल्लांसाठी भुंकत अंगावर आला आणि बातमीत 'पिसाळलेल्या कुत्र्याचा हल्ला' असं छापून आलं तर वस्तीत घबराट होते, आणि पुढच्या वेळी खरंच पिसाळलेला कुत्रा आला तर लोक मनावर घेत नाहीत. कुठलाही कुत्रा चावला तरी जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी, हे मात्र शब्दावर अवलंबून ठेवू नये. मधमाश्या पिसाळत नाहीत, आग्यामोहोळ 'उठतं'.

डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात एका नरभक्षक बिबट्यानं माणसं मारली, तेव्हा सगळीकडं 'बिबट्याचा धुमाकूळ' असंच चाललं होतं. बिबट्या धुमाकूळ घालत नाही. तो दबा धरतो, झडप घालतो, ओढून नेतो. आरडाओरडा, पळापळ, मोडतोड यातलं काही त्याच्या शिकारीत नसतं. जे पसरलं होतं ते माणसांच्या बाजूनं होतं: दहशत. 'बिबट्याची दहशत' हा शब्द त्या घटनेला नीट बसतो. लांडगा मेंढरांत शिरला आणि एकामागून एक मारत गेला, तर 'फडशा पाडला' म्हणावं. हत्ती गावात शिरून घरं पाडतो तेव्हा धुमाकूळ.

'बे' लागलेले शब्द

फारसीतून आलेला हा 'बे' आपण कुठंही जोडतो, आणि त्यामुळं हे सगळे शब्द एकसारखे वाटायला लागतात. ते एकसारखे नाहीत. प्रत्येकाची जोडी ठरलेली आहे.

बेछूट हा गोळीबाराला आणि आरोपांना लागतो: नेम न धरता, कुठंही. बेताल वक्तव्याला, बडबडीला. बेलगाम जिभेला आणि सत्तेला. बेफाम वेगाला आणि रागाला. त्यातला 'फाम' म्हणजे समज, म्हणून बेफाम म्हणजे समज न उरलेला. बेदरकार म्हणजे समज आहे, पण पर्वा नाही. अपघाताच्या बातमीत चालकाला बेदरकार म्हणणं हे त्यामुळं बेफामपेक्षा जड आहे. बेसुमार मोजमापाचा शब्द, भीमेतल्या वाळूउपशाला तो बरोबर लागतो, माणसाच्या वागण्याला लागत नाही. बेदम मारहाणीत 'दम' मार खाणाऱ्याचा जातो, मारणाऱ्याचा नाही. म्हणून 'तो बेदम झाला आणि मारायला लागला' असं होत नाही. आणि बेधुंद या शब्दात 'बे' आहे म्हणून धुंदी नाही असा अर्थ काढू नये. बेधुंद म्हणजे धुंदीत पूर्ण बुडालेला.

बेभान या शब्दाला दोन तोंडं आहेत. 'ताशाच्या कडकडाटावर पोरं बेभान नाचली' हे कौतुक. 'बेभान होऊन गाडी चालवली' हा ठपका. शब्द तोच, पण भान सोडायची मुभा कुठं आहे आणि कुठं नाही यावर अर्थ फिरतो. रस्त्यावर ती मुभा नाही.

सैराट हा याच घराण्यातला, पण 'बे' नसलेला. तो करमाळ्याकडच्या रानात, गोठ्यात आधीपासून होता: दावं तुटलेलं, अडवायला कुणी नसलेलं जनावर सैराट सुटतं. २०१६ मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला आणि शब्द राज्यभर गेला. तेव्हापासून शहरांत तो प्रेमाशी जोडला गेला. गावाकडचा अर्थ अजून जिवंत आहे, तेव्हा 'पोरगं सैराट सुटलंय' असं एखादी आजी म्हणाली तर प्रेमप्रकरण गृहीत धरू नये. सैरभैर मात्र वेगळा. त्यात धावपळ बाहेर कमी आणि मनात जास्त. मुलगा हरवलेली आई सैरभैर होते. भीतीनं वाट फुटेल तिकडं पळणाऱ्या गर्दीला सैरावैरा.

देवाच्या दारातले

इथं चूक झाली तर लोक दुखावतात, म्हणून हळू जावं. 'देवीचा संचार झाला' हे श्रद्धेनं सांगणं. 'अंगात आलं', 'वारं आलं' हे साधं, रोजचं. मानणाराही म्हणतो, न मानणाराही म्हणतो. 'घुमायला लागली' हे डोलणं आणि आवाज यांचं नुसतं वर्णन. 'झपाटलं', 'बाहेरचं लागलं' म्हटलं की देव गेला आणि भूत आलं. सोलापूरजवळच्या बाळे गावातल्या खंडोबाच्या यात्रेचा वृत्तांत लिहिताना वाघ्यांना 'झपाटलेले' म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. 'अंगात आल्यासारखं करतोय' हे फक्त घरच्या भांडणात, आणि तेही रागानंच.

गोंधळ हा तर मुळातच पूजेचा शब्द. तुळजाभवानीचे गोंधळी संबळ वाजवत, दिवटी पेटवून रात्रभर देवीचा गोंधळ घालतात. त्या विधीतल्या आवाजावरून, गर्दीवरून आजचा गोंधळ आला. दोन्ही 'घालतात', त्यामुळं संदर्भ देणं भाग आहे: 'लग्नानंतर गोंधळ घातला' हे वाक्य एकटं सोडलं तर बाहेरगावच्या वाचकाला भांडण वाटेल. 'देवीचा गोंधळ घातला' म्हणावं.

वारीला यातला कुठलाच उपद्रवाचा शब्द शिवू देऊ नये. अकलूजच्या रिंगणात अश्व धावतो तेव्हा तो उधळत नाही, 'दौडतो'. वारकरी बेभान होतात असं म्हणता येतं, पण त्यांचा स्वतःचा शब्द 'देहभान हरपलं' हा आहे, आणि तो असताना दुसरा शोधायचं कारण नाही.

रागाचे शब्द आणि कुणाची बाजू

थयथयाट आणि आकांडतांडव हे दोन्ही शब्द समोरच्याला लहान करतात. थयथयाटात पाय आपटण्याचा आवाज आहे: राग आहे, पण करता काही येत नाही. आकांडतांडवात कारण छोटं आणि देखावा मोठा. हे लिहिताना आपण निकाल देऊन मोकळे होतो. पाण्यासाठी हंडे घेऊन कार्यालयात आलेल्या बायका जोरात बोलल्या, तर ते आकांडतांडव नाही, संताप आहे. आणि आकांत म्हणजे तर शोक. 'घरच्यांनी एकच आकांत केला' हे मरणाच्या दारात म्हणतात. आकांत आणि आकांडतांडव यांची अदलाबदल झाली तर दुःखात बुडालेल्या माणसाची थट्टा होते.

हीच गोष्ट गर्दीबद्दल. मे १९३० मध्ये महात्मा गांधींच्या अटकेनंतर सोलापूरचे लोक रस्त्यावर आले, पोलिसांशी संघर्ष झाला आणि इंग्रज सरकारनं शहरात मार्शल लॉ लावला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिलं गेलं. त्या दिवसांना हुल्लड म्हणायचं, दंगल म्हणायचं, की उठाव? हुल्लड आणि दंगल या शब्दांना कारण लागत नाही. उठावाला कशाविरुद्ध ते सांगावं लागतं. गर्दीला कारण होतं आणि ते आपल्याला माहीत आहे, तर कारण मागणाराच शब्द वापरावा.

आजारी माणसाबद्दल लिहिताना यातलं बहुतेक सगळं बाजूला ठेवावं. तापात बडबडणाऱ्याला 'वात झालाय' म्हणतात, तो त्या अवस्थेचा साधा, जुना शब्द आहे. मनाच्या आजारात माणूस रात्ररात्र झोपत नाही, अखंड बोलतो, पैसे वाटत सुटतो, त्या अवस्थेला डॉक्टर उन्माद म्हणतात. म्हणून 'विजयाचा उन्माद', 'धार्मिक उन्माद' असं लिहिताना थोडं थांबून दुसरा शब्द मिळतो का बघावं. 'विजयाचा कैफ' बहुतेक वेळा चालतो. 'माथेफिरू' हा मथळ्यात झटकन बसणारा शब्द तर नकोच. मारणारा आजारी होता की शुद्धीवर, हे तपासाआधी कुणालाच माहीत नसतं. घरात कुणाचं असं वागणं सुरू झालं असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

तक्रारअर्जात काय लिहावं

जिथं काम करून घ्यायचं आहे तिथं हे सगळे शब्द वगळायचे. पोलीस ठाण्यात 'टोळक्यानं हैदोस मांडला आहे' असा अर्ज दिला की घेणारा विचारतो, म्हणजे नेमकं काय केलं? हैदोस हा गुन्हा नाही. मारहाण, धमकी, मोडतोड, शिवीगाळ हे गुन्हे आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९१ नुसार दंग्याचा गुन्हा व्हायला पाच किंवा अधिक जणांचा बेकायदेशीर जमाव लागतो आणि त्यानं बळ किंवा हिंसा वापरलेली असावी लागते. म्हणून अर्जात माणसं किती होती हा आकडा विशेषणापेक्षा जास्त उपयोगी.

आवाजाची तक्रार असेल तर 'रात्रभर धिंगाणा' लिहू नये, वेळ लिहावी. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सणांच्या ठरावीक दिवशी, वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, सरकार ही मुदत रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. 'धिंगाणा' हा शब्द यातल्या कशालाच भिडत नाही, 'रात्री ११.४०' भिडतो.

लोक अर्जात साधारण असं लिहितात:

'आमच्या गल्लीत काही समाजकंटकांनी रोज रात्री धुमाकूळ घालून उच्छाद मांडला असून नागरिकांमध्ये प्रचंड दहशतीचे वातावरण आहे.'

यात तीन जड शब्द आहेत आणि एकही घटना नाही. तोच अर्ज असा लिहावा:

'सोमवार आणि बुधवारी रात्री ११ ते १२.३० दरम्यान सहा ते सात जण गल्लीच्या तोंडाशी दारू पीत बसले होते. बुधवारी त्यांनी दोन दुचाकींचे आरसे फोडले. जाब विचारणाऱ्या रहिवाशाला शिवीगाळ करून मारण्याची धमकी दिली. फुटलेल्या आरशांचे फोटो सोबत जोडले आहेत.'

प्रकार डोळ्यासमोर चालू असेल तर अर्जाच्या नादी न लागता ११२ ला फोन लावावा. तिथंही तेच: आधी ठिकाण, मग माणसं किती, हातात काही आहे का, कुणाला लागलंय का. शेजारच्या पोराला फोन लावायला सांगताना 'अरे, लय राडा करायलेत बे' म्हणा, त्याला तेवढं पुरतं. ११२ वाल्यांना पुरत नाही.